भ्या वाटलं की शिसारी आली?

गेल्या आठवड्यात भाच्यानं एक भयकॉमिक आणून दिलं. त्यानं आजवर वाचलेल्यातलं ते सगळ्यात भीतीदायक, असा त्याचा दावा होता. इंग्रजी, रंगीत, गुळगुळीत कागद, आणि दर चौथ्या पानाला कुणाच्या तरी पोटातून काहीतरी बाहेर येतंय. कोल्हापुरात पावसानं ठाण मांडलं होतं, रंकाळ्यावर फिरायला जायची सोय नव्हती, म्हणून दोन तासांत संपवून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"मग मामा, भ्या वाटलं का न्हाई?"

"न्हाई. पण रात्री जेवण गेलं न्हाई."

"म्हंजे तेच की!"

तेच नव्हे. त्याच आठवड्यात करवीर नगर वाचन मंदिरातून नारायण धारपांचा एक जुना कथासंग्रह आणला होता. तो वाचताना जेवण व्यवस्थित गेलं. मागच्या दाराची कडी मात्र झोपण्यापूर्वी दोनदा तपासली. पहिल्या पुस्तकानं शिसारी आणली आणि दुसऱ्यानं भीती घातली, पण दुकानात दोन्ही एकाच फळीवर, एकाच 'हॉरर' नावाखाली असतात. आपणही बोलताना दोन्हींना 'भयानक' म्हणून मोकळे होतो.

आपल्याकडे ही वाटणी फार जुनी आहे. भरतमुनीनं नाट्यशास्त्र या जुन्या ग्रंथात भयानक आणि बीभत्स हे वेगळे रस मानले. भयानकाचा स्थायी भाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय, तर बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भयानकाचा रंग काळा, बीभत्साचा निळा. पण मला खरी गंमत वाटते ती रस कशानं जागा होतो आणि अंगावर कसा दिसतो, याच्या वर्णनात. भयानकासाठी भरत काय सांगतो? विचित्र आवाज, भुतं दिसणं, कोल्ही-घुबडांची ओरड, रिकामं घर, अरण्य. आजच्या कुठल्याही भयकथालेखकानं भिंतीवर चिकटवून ठेवावी अशी ही यादी आहे. त्यात रिकामं घर आहे, हे विशेष. त्या घरात काही असावं लागत नाही. माणूस घाबरला की हातपाय कापतात, आवाज फुटत नाही, तोंडाचा रंग उडतो आणि डोळे चंचल होतात, भिरभिरतात.

बीभत्साची लक्षणं उलटी. सगळं अंग आखडतं, तोंड वाकडं होतं, थुंकावंसं वाटतं, ओकारी येते.

हा फरक डोळ्यांवरून झटकन कळतो. भीतीत डोळे शोधत असतात, कारण धोका कुठून येणार ते ठाऊक नसतं. किळस आली की डोळे आपण मिटून घेतो, कारण जे दिसायचं ते दिसून गेलेलं असतं. म्हणून पुस्तक वाचताना पुढचं पान उलटायचा धीर होत नसेल तर ते भयानक. उलटलेलं पान झाकून टाकावंसं वाटलं तर ते बीभत्स.

इंग्रजीत ही वाटणी ॲन रॅडक्लिफ या कादंबरीकर्तीनं केली. तिच्या मृत्यूनंतर, 1826 मध्ये, छापल्या गेलेल्या एका लेखात ती म्हणते की 'टेरर' आणि 'हॉरर' एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. पहिल्यानं मन विस्तारतं, इंद्रियं जागी होतात. दुसऱ्यानं ती आकसतात, गोठतात. तिनं भरत वाचला असण्याची शक्यता नाही, तरी किळसेनं माणूस आकसतो हे दोघांनाही दिसलं. तिचा 'हॉरर' म्हणजे नेमका आपला बीभत्स नव्हे, पण शेजारी नक्की.

मग घोळ होतो कशानं? त्याचं एक कारण भरतानंच देऊन ठेवलंय. शृंगारातून हास्य, रौद्रातून करुण, वीरातून अद्भुत निघतो, तसा बीभत्सातून भयानक निघतो, असं तो म्हणतो. म्हणजे ही आई-मुलाची जोडी. चेहरा सारखा असणारच. रक्त पाहिलं की आधी शिसारी येते आणि मग मनात विचार येतो, हे ज्यानं केलं तो अजून इथंच तर नाही? या दुसऱ्या प्रश्नाला भीती सुरू होते. भाच्याच्या कॉमिकात हा प्रश्न पडायला सवडच नव्हती, कारण ज्यानं केलं तो त्याच चौकटीत दात विचकून उभा होता.

कोल्हापूरकरांना याचा घरचा दाखला देता येईल. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट 1920 मध्ये आला. त्यातलं कीचकवधाचं दृश्य इतकं हुबेहूब वठलं होतं की काही प्रेक्षकांना भोवळ आली असं सांगतात, आणि पुढे त्या दृश्याला कात्री लागली. आता विचार करा, ही भोवळ भीतीची होती का? कीचक मरणार हे थिएटरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. शिवाय सगळे भीमाच्या बाजूचे. घाबरायचं कुणासाठी? ती भोवळ किळसेची. त्याच कथेत भयानकाची जागा थोडी आधी आहे. रात्रीची वेळ, रिकामी नर्तनशाळा, मिट्ट काळोख, आणि कीचक सजूनधजून आत येतोय. सैरंध्रीच्या जागी कोण निजलंय ते आपल्याला ठाऊक आहे, त्याला नाही. तो हात पुढे करतो. एवढा क्षणभर आपण कीचकाच्या कातड्यात शिरलो, तर पोटात खड्डा पडतो. पुढची हाडं मोडणं हा निराळा मामला.

कॉमिकमध्ये हे दोन रस कागदावर बोट ठेवून वेगळे दाखवता येतात, आणि म्हणून मला हे माध्यम भाच्याइतकंच आवडतं (त्याला हे पटत नाही). दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी ही भयानकाची जागा. पहिल्या चौकटीत दाराची मूठ फिरते, दुसरीत खोली रिकामी. मधे काय झालं ते वाचणारा स्वतःच्या मनात रंगवतो, आणि स्वतःला नेमकं कशाचं भ्या वाटतं हे त्याच्याइतकं चित्रकाराला कुठून कळणार? बीभत्स मात्र चौकटीच्या आत राहतो. त्याला जागा लागते, तपशील लागतो, चांगला हात लागतो. जुन्जी इतो हा जपानी चित्रकार दोन्ही जाणतो. 1998-99 मध्ये क्रमशः आलेल्या त्याच्या 'उझुमाकी'त एका गावाला चक्क सर्पिल आकारानं झपाटलंय. एखादं पात्र कशाकडे तरी बघतंय, चेहरा पांढरा पडलाय, आणि ते काय ते पान उलटल्याशिवाय दिसत नाही, ही त्याची ठरलेली चाल. उलटण्याआधीचा तो सेकंद भयानक, उलटल्यावरचं पानभर चित्र बीभत्स. माझ्या मते त्याचा पहिला सेकंद नेहमी दुसऱ्यापेक्षा सरस असतो.

ही गल्लत एकदा नियमांच्या पुस्तकातही गेली. एप्रिल 1954 मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे भयकॉमिक काढणाऱ्या ईसी कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. समोर त्यांच्याच अंकाचं मुखपृष्ठ होतं. त्यात माणसाच्या एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्यात केसांनी धरलेलं बाईचं मुंडकं. हे सुरुचीला धरून आहे का, असं विचारल्यावर गेन्स म्हणाले, भयकॉमिकच्या मुखपृष्ठासाठी आहे. मुंडकं आणखी वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं तर ती कुरुची. माणूस आपला धंदा जाणत होता. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर लादून घेतलेल्या आचारसंहितेनं मासिकांच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे दोन्ही शब्द बंद केले. आक्षेप होता बीभत्सावर, पण दोरी भयानकाच्याही गळ्यात पडली.

भयानकाचा आणखी एक शेजारी म्हणजे अद्भुत, विस्मयाचा रस. त्याच्याबद्दल थोडक्यात. भूत काय करू शकतं, काय नाही, हे नियम कळले की भीती ओसरते आणि विस्मय किंवा नुसती मोहीम उरते. 'ड्रॅक्युला'च्या (1897) पहिल्या चार प्रकरणांत, जोनाथन हार्करच्या रोजनिशीत, माझी बोबडी वळते. पुढे व्हॅन हेल्सिंग हा जाणकार ड्रॅक्युलाच्या ताकदी आणि मर्यादा मोजून सांगतो आणि मी आरामात पाय पसरून वाचू लागतो. वाईट नव्हे, पण मग ती शिकारकथा झाली.

शब्दांनी हा वाद मिटेना, म्हणून रविवारी भाचा आला तेव्हा त्याला डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 'माकडाचा पंजा' (1902) तोंडी सांगितली. हिंदुस्थानातून आणलेला, फकिरानं मंतरलेला पंजा, तीन इच्छा. यंत्रात सापडून चेंदामेंदा झालेला मुलगा परत यावा अशी इच्छा आई करायला लावते, आणि रात्री दारावर थाप पडते. आई अडसराशी झटतेय, बाप अंधारात चाचपडत पंजा शोधतोय. पंजा सापडतो, तिसरी इच्छा. दार उघडतं तर बाहेर सामसूम रस्ता.

भाचा थापेपाशी उशी घट्ट धरून बसला होता. "दार उघडू नकोस म्हणावं तिला," एवढंच पुटपुटला.

तो चित्रं बरी काढतो. संध्याकाळी वहीत त्यानं हीच गोष्ट सहा चौकटींत काढून आणली. पाच चौकटी झकास. सहावीत दार उघडं आणि उंबऱ्यावर तो मुलगा. मोडलेला हात, लोंबणारा जबडा, सगळं मन लावून काढलेलं.

"हे बघून भ्या वाटतंय काय तुला?" मी विचारलं.

त्यानं वही लांब धरली, डोळे बारीक केले. "न्हाई," म्हणाला, "पर जबडा लई भारी जमलाय."