छापील कागद बोलू लागला, त्याआधीची शंभर वर्षं

औषधाच्या पाकिटावर फोनचा कॅमेरा धरायचा आणि गोळीचं नाव कानांनी ऐकायचं, हे आज अनेक अंध व्यक्तींच्या अंगवळणी पडलं आहे. एआयचे फायदे काय, असं कुणी विचारलं की मी सगळ्यात आधी हा उपयोग सांगते. बँकेचं पत्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं तेव्हा आपली शिल्लक शेजाऱ्यालाही कळते. त्यातून सुटण्याची धडपड शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९१३ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या एडमंड फोर्निए डाल्ब यांनी ‘ऑप्टोफोन’ तयार केला. छापील ओळीवर प्रकाश पडे आणि अक्षराच्या आकाराप्रमाणे वेगवेगळे सूर ऐकू येत. सुरांवरून अक्षर ओळखायचं, अक्षरं जोडून शब्द लावायचा, हे सगळं ऐकणाऱ्यानेच करायचं. १९१८च्या प्रात्यक्षिकात मेरी जेमसन या अंध तरुणीने मिनिटाला एक शब्द वाचला. केवढी ही चिकाटी! यंत्राला मात्र एकही अक्षर कळत नव्हतं.

अक्षर ओळखून ते मोठ्याने वाचणारं यंत्र रे कर्झवाइल या संशोधकाने जानेवारी १९७६मध्ये अमेरिकेत सादर केलं. आधीच्या अक्षर ओळखणाऱ्या यंत्रांना ठरावीक टाइपच, म्हणजे अक्षरांची ठरावीक वळणंच, वाचता येत. याला नेहमीच्या छपाईतला जवळपास कुठलाही टाइप चाले. ते घडवताना ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ ही अंधांची संघटना सोबत होती, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. पुढे २०१७मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘सीइंग एआय’ या मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपमागेही साकिब शेख हे स्वतः अंध असलेले अभियंता होते.

मराठीची वाट जास्त लांबली. इंग्रजी छपाईत अक्षरं सुटी असतात. आपल्याकडे शिरोरेषा अख्खा शब्द एकत्र बांधते. जुन्या पद्धतीत आधी ही रेषा काढून अक्षरं वेगळी करत. पण ‘लक्ष्मी’, ‘कर्तृत्व’ असे शब्द आले की जोडाक्षर कुठे तोडायचं आणि रफार कुणाचा, इथेच सगळा घोळ व्हायचा. अक्षरं न तोडता पूर्ण ओळ एकत्र वाचायला शिकणारी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणाली, आली आणि ही अडचण बरीच कमी झाली. ‘टेसरॅक्ट’ या खुल्या सॉफ्टवेअरच्या २०१८च्या चौथ्या आवृत्तीत ही पद्धत मराठीसाठीही मिळाली.

नोटांचा प्रश्न वेगळा. २०१६नंतर आलेल्या नव्या नोटांचे आकार बदलले आणि बोटांना झालेली जुनी सवय निरुपयोगी ठरली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे ॲप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते ती किती रुपयांची आहे हे बोलून सांगतं, त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. नोट खरी की खोटी हे मात्र त्याला सांगता येत नाही.