जलपर्णी तळं स्वच्छ करते का?

"जलपर्णी पाण्यातली घाण शोषते, म्हणून ती तळ्यातून काढू नका," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा पहिला भाग खरा आहे, म्हणूनच तो पटतो.

जलपर्णीची मुळं नायट्रोजन, फॉस्फरस आणि काही जड धातू ओढून घेतात. सांडपाणी प्रक्रियेत ती वापरतात, पण तिथे ती वेळोवेळी उपसून बाहेर नेली जाते. तळ्यात ती तशीच राहते. जुनी पानं बुडून कुजतात, शोषलेलं बरंचसं पुन्हा पाण्यात उतरतं आणि कुजण्यात प्राणवायू खर्च होतो. वरच्या दाट थरामुळे ऊन खाली पोहोचत नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात आणि हवेतला प्राणवायूही नीट मिसळत नाही. त्यात ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला आवर घालणारे तिकडचे कीटक इथे नव्हतेच.

पडताळायचं असेल तर सूर्योदयाआधी जा. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलेलं असतं, त्यामुळे प्राणवायू तेव्हाच सर्वांत कमी असतो. म्हणूनच पहाटेचं मोजमाप महत्त्वाचं. प्राणवायू मोजायच्या साध्या किटने जलपर्णीखालचं आणि मोकळं, दोन्ही पाणी तपासा. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली अनेक माशांना त्रास होऊ लागतो. २ च्या खाली बहुतेकांना तगणं कठीण.

काढलेली जलपर्णी काठावर मात्र टाकू नका, पावसात ती परत तळ्यातच येते. आणि सांडपाणी येत राहिलं, तर गाळात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या बिया पुन्हा रुजतात.