पुरात गॅस-पेट्रोलचे जादा पैसे घेतले? तक्रार कुठे करायची, कोणते कागद लागतात

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ फुटांच्याही वर. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, त्यामुळे कोल्हापुरात पेट्रोलची टंचाई आणि सिलिंडरची वाट बघणं. माझ्या मावशीच्या गल्लीत चौथ्या दिवशी गॅसची गाडी आली ती चौकापर्यंतच. टाकीमागे तीनशे रुपये जादा. मावशीनं पावती मागितली, तर उत्तर आलं, "काकू, एवढ्या पाण्यातनं आणलंय, पावती कसली मागताय?" पैसे दिले. पंधरा दिवसांनी तक्रार करू म्हटलं, तर हातात कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

म्हणून हा लेख. कायदा आपल्या बाजूनं बऱ्यापैकी आहे, अडतं ते पुराव्यापाशी.

तक्रार कशाची होते, कशाची होत नाही

आधी हे नीट समजून घ्या, नाहीतर हेलपाटे पडतात. "आपत्तीत भाव वाढवले" एवढ्यावरच कारवाई होईल असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत आणीबाणी जाहीर झाली की इंधन किंवा अन्नाचा अवाच्या सवा भाव लावणं हेच बेकायदा ठरतं. २०१७ च्या हार्वे वादळानंतर ह्यूस्टनच्या लोकांनी याच कायद्याखाली तक्रारी केल्या होत्या. आपल्याकडे प्रश्न वेगळा विचारला जातो: त्या वस्तूला ठरलेली किंमत होती का, आणि तिच्यापेक्षा जास्त घेतले का?

घरगुती सिलिंडरला अशी किंमत असते. पंपावरच्या पेट्रोल-डिझेलला असते. बिस्किटपुडा, पाण्याची बाटली, मेणबत्तीचं पाकीट यांवर एमआरपी छापलेली असते. या सगळ्यांची तक्रार होते. सुटी भाजी, सुटं दूध, खासगी पाण्याचा टँकर, नाववाल्यानं मागितलेलं भाडं यांना छापील किंमत नसते. तिथे प्रशासनानं वेगळा दर ठरवून दिला नसेल तर तक्रार बहुतेक वेळा हवेतच राहते. हे मला पटत नाही, पण आहे हे असं आहे.

सिलिंडर: "पोचवण्याचे" पैसे

सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरच्या पावतीवर जी रक्कम असते, तिच्यात घरपोच आणून देण्याचा खर्च धरलेला असतो. नोंदवलेल्या पत्त्यावर टाकी आली तर वर एक रुपयाही देणं लागत नाही. चहापाण्याला स्वखुशीनं दिले तर तो तुमचा प्रश्न. उलट तुम्ही स्वतः गोदामावर जाऊन टाकी उचलली, तर पोचवण्याची रक्कम पावतीतून वजा व्हायला हवी. पुरात लोक गुडघाभर पाण्यातून गोदामापर्यंत जातात आणि पूर्ण रक्कम मोजून येतात. कारण ही वजावट असते हेच कुणी सांगत नाही.

किंमत गावोगाव वेगळी असते आणि साधारणपणे महिन्याच्या एक तारखेला बदलते. त्यामुळे मुंबईचा भाव बघून कोल्हापुरात भांडू नका. तुमच्या कंपनीच्या ॲपवर बुकिंग केलं की तुमच्या गावाची रक्कम दिसते, तिचा स्क्रीनशॉट घ्या.

टाकी घेताना वजन करून मागा. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याच्या पट्टीवर कोरलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा, तेवढा काटा यायला हवा. काटा आणणं हे पोचवणाऱ्याचं काम आहे. आणि मोबाइलवर आलेला डिलिव्हरीचा कोड टाकी हातात आल्याशिवाय सांगायचा नाही. टाकी आली नाही आणि "सिलिंडर पोचला" असा मेसेज मात्र आला, तर तुमच्या नावची टाकी दुसरीकडे गेली असं समजा आणि त्याच दिवशी तक्रार करा.

कुणी घरातून, टपरीतून काळ्या बाजारात टाकी विकत असेल तर घेऊ नका. २००० च्या एलपीजी नियंत्रण आदेशाखाली अधिकृत वितरकाशिवाय आलेली टाकी जवळ बाळगणारा ग्राहकही अडचणीत येऊ शकतो. मग तक्रारदार म्हणून तुमची बाजूच लंगडी होते. पुरात वाहून आलेली टाकी मिळाली तर ती वापरू नका, एजन्सीला कळवा.

पेट्रोल

जून २०१७ पासून पेट्रोल-डिझेलचा भाव रोज सकाळी सहाला बदलतो. त्यामुळे "काल एवढा होता" हा पुरावा होत नाही. त्या दिवशीच्या, त्या पंपाच्या भावफलकाचा फोटो आणि मशीनवरच्या आकड्याचा फोटो, हा होतो. माप कमी वाटलं तर पंपावर वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं. ते मागायचा तुम्हाला अधिकार आहे. तक्रारवहीसुद्धा मागा, आणि नाही दिली तर तसंच तक्रारीत लिहा.

रस्त्याकडेला बाटलीत दुप्पट भावानं विकलं जाणारं पेट्रोल हा वेगळा गुन्हा आहे. विक्रीसाठी नसेल तर घरी ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, तेही काच, चिनीमाती किंवा धातूच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात. पण विनापरवाना साठवून विकणं बेकायदा. अशा विक्रेत्याची माहिती पुरवठा विभागाला किंवा पोलिसांना द्या.

तक्रार कोण करू शकतं

पैसे देऊन वस्तू घेणारा, किंवा त्याच्या संमतीनं ती वापरणारा, असा कुणीही. जोडणी सासऱ्यांच्या नावावर आणि पैसे सुनेनं दिले, तरी सून तक्रार करू शकते. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी वडापावची गाडी चालवणारा ठरू शकतो.

कागद

पावती असेल तर उत्तम. नसेल तर यूपीआयनं दिलेल्या पैशांची नोंद, बुकिंगचा आणि डिलिव्हरीचा मेसेज, ग्राहक क्रमांक (गॅसच्या पुस्तकावर असतो), तारीख-वेळ असलेला फोटो. शेजाऱ्यानंही तेवढेच पैसे दिले असतील तर त्याची सही घ्या, दोघांची तक्रार एकट्यापेक्षा वजनदार होते. म्हणूनच पुरात शक्य असेल तिथे रोख देऊ नका. रोखच द्यावे लागले तर घेणाऱ्याकडून कुठल्याही कागदावर रक्कम आणि सही घ्या. बहुतेक जण सही करत नाहीत, पण कागद पुढे केला की रक्कम उतरते, हा अनुभव आहे.

कागद भिजला असेल तर वाळवताना चोळू नका. पावतीची शाई आधी जाते. आधी फोटो काढा, मग वाळवा.

कुठे जायचं

पाणी अजून असेल आणि आत्ताच अडवणूक चालू असेल, तर जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा १०७७ लावा आणि तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेला कळवा. गॅस-पेट्रोलसारख्या अत्यावश्यक वस्तूंची कारवाई जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याच्या हातात असते, मुंबई-ठाण्यात हेच काम शिधावाटप कार्यालय बघतं. अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १९८० च्या काळाबाजार प्रतिबंधक कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्धही करता येतं. एमआरपीपेक्षा जास्त घेतले किंवा माप मारलं तर वैधमापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडे.

गॅसच्या किमतीसाठी इंडेन, भारत गॅस, एचपी या तिन्ही कंपन्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२३३३-५५५. गळतीसाठी मात्र १९०६, तो गळती आणि अपघातासाठीच मोकळा राहू द्या.

सगळ्यांत सोपं म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतून बोलता येतं, तक्रार क्रमांक मिळतो, तक्रार कंपनीकडे जाते. निकाल बंधनकारक नसतो, पण गॅस कंपन्यांना वितरकाची वही बघायला लावण्याएवढा दबाव येतो. तक्रारीत एवढंच लिहा: "दि. अमुक रोजी, ग्राहक क्र. अमुक, छापील रक्कम एवढी, घेतलेली रक्कम एवढी, पावती दिली नाही, सोबत यूपीआयची नोंद. फरक परत मिळावा व कारवाई व्हावी." पुराचं वर्णन नको, भावना नकोत. वाचणारा आकडे शोधत असतो.

तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. मुदत दोन वर्षं. ऑनलाइन अर्ज ई-जागृती पोर्टलवर होतो. त्याला तक्रार, शपथपत्र आणि वरची सगळी कागदपत्रं जोडायची. तीनशे रुपयांसाठी कोण एवढं करणार, हे खरंच आहे, पण गल्लीतल्या चाळीस घरांनी मिळून केलं तर हिशेब बदलतो.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. मावशीनं टाकीवाल्याला दारातच थांबवून काटा मागितला आणि मोबाइल पुढे धरला. टाकी छापील किमतीला मिळाली. काटा मात्र पाण्यात गेला म्हणाला.