कात्री कुठंय? घर आणि वेळ आवरण्यामागचं थोडं गणित

आमच्या घरात तीन कात्र्या आहेत आणि दुधाची पिशवी मी दातानं फाडतो. गेली कित्येक वर्षं हे असंच चालू होतं. एक कात्री आईच्या शिवणाच्या डब्यात, एक मुलीच्या ड्रॉवरमध्ये कंपासपेटीखाली, आणि तिसरी कुणीतरी "नीट ठेवलेली", आता नीट ठेवलेली वस्तू वेळेला सापडत नाही हे काय वेगळं सांगायला हवं. परवा शेवटी वैतागून एक कात्री ओट्याशेजारी खिळ्याला टांगली, आणि मग डोक्यात प्रकाश पडला की आपण वस्तू तिची जात बघून ठेवतो, शिवणाचं शिवणात, स्टेशनरी स्टेशनरीत, पण ती लागते कुठे हे कुणी बघतच नाही.

हिशोब करून बघा. रोज फक्त पाच मिनिटं शोधाशोधीत गेली, किल्ली, चार्जर, चष्मा, तर वर्षाचे तीस तास होतात. आणि पाच मिनिटं हा आकडा मी आमच्या घराच्या मानाने फारच सभ्य धरलाय.

स्वयंपाकघरात कुठली वस्तू कुठे हवी याचा शास्त्रीय विचार शंभरएक वर्षांपूर्वी अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ नावाच्या बाईंनी केला. बाई मानसशास्त्रातल्या डॉक्टरेट, बारा मुलांची आई, आणि नवऱ्याबरोबर कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचाली मोजायचं काम करायच्या. नवरा गेल्यावर कारखानेवाले एकट्या बाईला काम द्यायला कां-कूं करायला लागले, तेव्हा त्यांनी तेच मोजमाप स्वयंपाकघराकडे वळवलं. 1929 च्या सुमाराला त्यांनी मांडलेल्या किचनची चाचणी झाली ती स्ट्रॉबेरीचा केक करून. जुन्या पद्धतीच्या किचनमध्ये त्याला 97 कृती आणि 281 पावलं लागत होती, नव्या मांडणीत 64 कृती आणि पावलं फक्त 45. बाई तीच, केक तोच, फक्त जे एकामागोमाग लागतं ते एकमेकांशेजारी आणलं. (गंमत म्हणजे या बाईंच्या घरी मदतनीस असायचे, स्वतः त्या स्वयंपाक फारसा करत नसत. पण मोजायला काय, मोजणाऱ्याला पोळी लाटता यायलाच हवी असं थोडंच आहे.)

आपल्याकडे हे ज्ञान मात्र न मोजताच प्रत्येक घरात आहे, मिसळणाच्या डब्यात. सात वाट्या, मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथी, धणेजिरे पूड, गोडा मसाला, आणि हिंग आपल्या वासामुळे वेगळ्या डबीत. फोडणी तडतडायला लागली की तुमच्याकडे दहा सेकंद असतात, त्यात फडताळ उघडून अर्ध्या किलोची बरणी काढून झाकण फिरवत बसलात तर मोहरी कोळसा. म्हणून थोडं थोडं हाताशी, उरलेलं फडताळात, आणि वर्षाचं साठवणीचं माळ्यावर. कॉम्प्युटर अगदी असाच चालतो हो. हिशोब करणाऱ्या चिपच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, अगदी जवळ एक छोटीशी पण प्रचंड वेगवान मेमरी असते, तिला कॅश म्हणतात (पैसेवाली कॅश नाही), त्यामागे मोठी आणि थोडी संथ रॅम, आणि त्याही मागे डिस्क, म्हणजे आपला माळा.

आता खरा प्रश्न असा की हाताशी जागा सातच वाट्यांची, मग कुणाला ठेवायचं आणि कुणाला हाकलायचं? लास्लो बेलाडी नावाच्या कॉम्प्युटर संशोधकानं 1966 मध्ये याचं आदर्श उत्तर दिलं: जी गोष्ट सगळ्यात उशिरा लागणार आहे ती बाहेर काढा. उत्तर बरोबर आहे पण त्यासाठी भविष्य कळायला हवं, ते कळत असतं तर काय हवं होतं. म्हणून व्यवहारात इंजिनियर लोक उलटा जुगाड करतात, जी वस्तू सगळ्यात जास्त दिवस वापरलेली नाही तिला हाकलतात, कारण आत्ता वापरलेली गोष्ट लवकरच परत लागते असा बहुतेक वेळा अनुभव असतो. घराला हे जसंच्या तसं लागू पडतं. ओट्याजवळच्या कपाटातून वर्षभर न हललेलं सँडविच टोस्टर उचला आणि माळ्यावर टाका, आणि रोजच्या चहाचं भांडं जे वाकून काढावं लागतं ते कंबरेच्या उंचीला आणा. बस, बाकी कुठल्या महागड्या ऑर्गनायझरची गरज नाही, आणि आधी ऑर्गनायझर आणून मग त्यात काय ठेवायचं याचा विचार करणं म्हणजे म्हशीआधी दावण. मीही केलंय ते, दोन रिकामे प्लास्टिकचे खण अजून पलंगाखाली आहेत.

टेबलावरच्या कागदांच्या ढिगाबद्दल मात्र मी बोलणी खाल्लीत आणि आता माझ्याकडे पुरावा आहे. 1985 मध्ये डॅनियल स्लेटर आणि रॉबर्ट टार्जन या दोन कॉम्प्युटरशास्त्रज्ञांनी एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. समजा वस्तू एका रांगेत आहेत आणि शोधताना पहिल्यापासून बघत जावं लागतं. तर वापरलेली वस्तू प्रत्येक वेळी सगळ्यात पुढे ठेवायची, एवढा एकच नियम पाळलात तरी तुमची मेहनत, पुढे काय लागणार हे आधीच माहीत असलेल्या त्रिकालज्ञ माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त होत नाही. त्यांच्या गणिती मॉडेलमध्ये हं, पण काय वाईट आहे! आणि ढिगात आपण तेच करतो, वापरलेला कागद वर टाकतो. जपानचे अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांनी यावरच फाइलींची पद्धत बसवली, सगळे कागद पाकिटांत घालून पाकिटं शेल्फवर उभी ओळीनं, विषयवारी वगैरे काही नाही, काढलेलं पाकीट परत ठेवताना डाव्या टोकाला. काही महिन्यांत न लागणारी पाकिटं आपोआप उजवीकडे सरकत जातात, तिथूनच रद्दी काढायची. मी लाइट बिलं, शाळेची पत्रं आणि वॉरंटी कार्डं यांना हे लावलं, वीसेक पाकिटं झाली, आणि शोधायला आता चारपाच पाकिटांच्या पुढे जावं लागत नाही.

पण हा नियम रव्याला लावू नका. वाणसामान आलं की नवा रवा जुन्यावर ओतला, वरचा वापरला, तळाचा तसाच राहिला, आणि उबदार दमट हवेत किड्यांची एक पिढी महिना-दीड महिन्यात तयार होते, मग पावसाळ्यात उपम्याच्या दिवशी डबा उघडला की आतली वस्ती आपल्याकडेच बघत असते. खाण्याच्या वस्तूला नियम उलटा, आधी आलेलं आधी संपवायचं, डबा रिकामा करून पुसून मगच नवं भरायचं. कपड्यांचंही तसंच, धुतलेले शर्ट वर ठेवत गेलात तर तेच चार शर्ट झिजतात आणि तळाचे लग्नाला निघाल्यावर आठवतात, तेव्हा घड्या तळाशी सरकवा.

वस्तूंचं झालं, वेळेचं जास्त अवघड आहे कारण वेळ दिसत नाही. जुन्या बायका काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायच्या, युक्ती छान, पण संध्याकाळी गाठ दिसायची आणि कशाची मारली तेच आठवायचं नाही. पुढे करायचं काम लक्षात ठेवणं ही वेगळीच स्मृती आहे, आणि त्यात नुसत्या वेळेपेक्षा डोळ्यासमोरची खूण बरी पडते. पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की "या आठवड्यात बँकेत जाईन" यापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त. 2006 मध्ये अशा 94 अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला तेव्हाही हे टिकलं. म्हणजे "कुकरची दुसरी शिट्टी झाली की मुलीचा डबा भरायला घेईन". बँकेचं पासबुक न्यायचंय तर ते चपलेवर ठेवा, पायाला लागल्याशिवाय बाहेर पडताच येणार नाही.

आणि "पाच मिनिटांत निघतो" हे आपलं राष्ट्रीय वाक्य. याला नाव आहे, नियोजनाचा भ्रम, डॅनियल काहनेमन आणि एमोस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दिलेलं. 1994 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं, सरासरी अंदाज आला सुमारे 34 दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे 49 दिवस म्हणाले. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजसुद्धा कमीच पडला, कारण अंदाज करताना आपण मनात सिनेमा लावतो आणि त्या सिनेमात गॅस संपत नाही, पाहुणे येत नाहीत, चकलीचं पीठ सैल होत नाही. उपाय एकच, मनातल्या सिनेमाऐवजी मागच्या वेळी किती लागले ते बघायचं.

आमच्याकडे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं. दुधाचा खाडा मांडतो त्याच चौकटीत मागच्या दिवाळीत आईने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "चकली, दीड किलो, 3 ते 7.15". मी दोन तास धरले होते. तेव्हापासून मीही लिहायला लागलो, माळा आवरला, एक रविवार पूर्ण. वॉशबेसिनची गळती, प्लंबर धरून अडीच तास. मागच्या वर्षीचं कॅलेंडर आता रद्दीत जात नाही.

राहिला माळा, आणि तिथे अडतं ते गणितावर नाही, जिवावर. 1990 मध्ये त्याच काहनेमननी नेच आणि थेलर या अर्थतज्ज्ञांबरोबर प्रयोगातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना एकेक कॉफीचा मग दिला आणि विकायला सांगितलं. ज्यांना मिळाला ते सव्वापाच डॉलरच्या आसपास मागत होते, बाकीचे अडीच डॉलरच्या आसपासच द्यायला तयार. कॉफीचा मग तोच, हातात येऊन काही मिनिटं झालेली, तेवढ्यात दुप्पट किमतीचा झाला. म्हणूनच बोहारणीशी घासाघीस कधी जमत नाही. यातून निघायची एक युक्ती म्हणजे प्रश्न फिरवायचा, हे टाकू का असं न विचारता, आज हे दुकानात दिसलं तर किती देऊन घेईन असं विचारायचं.

मी आईवर प्रयोग केला. दारात बोहारीण बसलेली, समोर पातेलं, आईच्या हातात एक मोरपंखी साडी, पंधरा वर्षांत न नेसलेली.

"आई, ही आत्ता दुकानात दिसली असती तर किती दिले असतेस?"

"ही? फुकट दिली तरी नको," आई म्हणाली, आणि नीट घडी घालून साडी परत ट्रंकेत ठेवली.