कंबोडिया : अंकोर झालं, पुढे काय?
(सहल ठरवण्यापूर्वी आमच्या ग्राहकांसाठी)

कंबोडियाची चौकशी करणारे बहुतेक जण "चार दिवसांत अंकोर वाट नीट होईल ना?" असं विचारतात. होईल. पण सलग देवळं पाहत राहिलं की तिसऱ्या दिवशी सगळी शिखरं सारखीच दिसू लागतात. म्हणून आमचा आग्रह असा, की अंकोर या सिएम रीप शहराजवळच्या प्राचीन देवळांच्या परिसराचा तीन दिवसांचा पास (62 डॉलर) घ्या आणि ते दिवस मोकळे मोकळे वापरा. हा पास 10 दिवसांत कधीही वापरता येतो, सलगच जायला हवं असं नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मात्र पासपोर्ट दाखवावा लागतो.

आधी तारीख, मग ठिकाणं

या देशात काय दिसेल हे तिथलं पाणी ठरवतं. जूनपासून मेकाँग नदी फुगते आणि तिच्या रेट्याने तोनले साप नदी चक्क उलटी वाहू लागते. तिचं पाणी वर तळ्यात शिरतं. उन्हाळ्यात सुमारे 2,500 चौ. किमी असलेलं तोनले साप तळं पावसाळ्याअखेर 10,000 चौ. किमीच्याही पुढे पसरतं. नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह पुन्हा फिरतो आणि तळं रितं होऊ लागतं.

याचा तुमच्या सहलीशी थेट संबंध आहे. सिएम रीपजवळच्या काम्पोंग फ्लुक गावात घरं उंच खांबांवर आहेत. ऑक्टोबरात पाणी जवळजवळ घराच्या तळाच्या फळ्यांना टेकतं, शेजारी जायचं तरी होडी लागते. मार्च-एप्रिलमध्ये त्याच घराखाली उभं राहिलात तर मान वर करून पाहावं लागतं. शिडी थेट धुळीत उतरलेली असते आणि पोरं खांबांमध्ये खेळत असतात. दोन्ही बघण्यासारखं आहे. फक्त फोटोत पाणी पाहून मार्चचं बुकिंग करू नका. पक्ष्यांची आवड असेल तर याच तळ्यावरच्या प्रेक तोआल पक्षी अभयारण्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा.

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास राजधानी नॉम पेन्हमध्ये जलोत्सव असतो. राजवाड्यासमोरच्या नदीत लांबलचक होड्यांच्या शर्यती होतात. शहर तुडुंब भरतं, हॉटेलं महागतात. बघायचाच असेल तर आम्हाला लवकर सांगा. भाद्रपदात प्चुम बेन हा पितरांचा पंधरवडा येतो. लोक विहारांत भाताचे गोळे अर्पण करतात. आपल्याकडच्यांना पितृपक्षाची आठवण होईल. शेवटचे दोन-तीन दिवस आणि एप्रिलच्या मध्यातलं ख्मेर (म्हणजे कंबोडियन) नववर्ष टाळलेलं बरं, कारण दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या असतात.

कुठे जावं?

आमची पहिली पसंती काम्पोत. नॉम पेन्हहून रस्त्याने साधारण तीन तास. नदीकाठचं निवांत गाव, जवळ मिठागरं आणि मिरीचे मळे. कोकणातली मिरी झाडावर चढते, इथे वेल उंच खांबांवर चढवतात. हिरवी, काळी, लाल, पांढरी ही सगळी एकाच वेलीची मिरी. कच्ची वाळवली की काळी, पिकल्यावर तोडली की लाल, पिकलेलीचं साल काढलं की पांढरी. काम्पोतच्या मिरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. खरेदी मळ्यावरच करा. शेजारच्या केपला बाजारात ताजे खेकडे हिरव्या मिरीत परतून देतात. मासे खाणाऱ्यांनी हे चुकवू नये.

बाटम्बांग हे सिएम रीपहून तीन-एक तासांवर. संध्याकाळी नॉम साम्पोव टेकडीच्या गुहेतून वटवाघळांचा लोंढा बाहेर पडतो आणि बराच वेळ थांबत नाही. क्राचेला मेकाँगमधले इरावडी डॉल्फिन दिसतात, पण प्रवास लांबचा आहे. आठ दिवसांच्या सहलीत आम्ही ते घालत नाही.

नॉम पेन्हमधलं तुओल स्लेंग ही मुळात शाळा होती. 1975 ते 1979 या ख्मेर रूज या जुलमी कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तिचा तुरुंग केला गेला. वर्गखोल्यांत विटांच्या अरुंद कोठड्या अजून आहेत. लहान मुलांना नेऊ नका, आणि त्या दिवशी दुपारनंतर दुसरं काही ठेवू नका.

खाणं, पैसे, कागदपत्रं

शाकाहारी मंडळींनो, 'भाजी' मागवली तरी तिच्यात माशाचा सॉस असतोच असं समजा. आम्ही ख्मेर भाषेत छापलेलं कार्ड देतो, ते हॉटेलात दाखवा. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. नाश्त्याला थेपले, चटणी जवळ असू द्या.

डॉलर सगळीकडे चालतात. सुट्टे रिएलमध्ये मिळतात (एका डॉलरला साधारण 4,000). फाटकी किंवा शाईचे डाग पडलेली नोट कोणी घेत नाही. एक, पाच, दहाच्या कोऱ्या नोटा न्या.

पर्यटक ई-व्हिसा 30 दिवसांचा मिळतो. विमानाने पोहोचण्याआधीच्या सात दिवसांत ऑनलाइन आगमन फॉर्म भरावा लागतो. तो मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटपासून सावध राहा. 2025 मध्ये थायलंड सीमेवर चकमकी होऊन रस्त्याचे मार्ग बंद झाले, त्यामुळे बँकॉक जोडायचं असेल तर आम्ही विमानानेच जोडतो.

भेटायला येताना पासपोर्ट (किमान सहा महिने मुदत शिल्लक), सोयीच्या दोन तारखा आणि घरातल्या सगळ्यांच्या खाण्याच्या सवयी लिहून आणा.