कोवळं ऊन, ड जीवनसत्त्व आणि गरोदरपणातली शुगर

मराठवाड्यात उन्हाची वानवा नाही. तरी दवाखान्यातून परतणाऱ्या गरोदर बाईच्या चिठ्ठीवर लोहाच्या गोळीशेजारी ड जीवनसत्त्व असतं आणि घरातली म्हातारी सांगते, "सकाळच्या कोवळ्या उन्हात बसत जा गं." अलीकडे त्यात एक धास्ती मिसळली आहे: ‘डी’ कमी असलं की गरोदरपणात शुगर होते. हा समज कुठून आला हे पाहायचं तर दोन वेगळे इतिहास उलगडावे लागतात. दीडशे वर्षं त्यांची एकमेकांशी गाठच पडली नव्हती.

पहिला इतिहास शुगरचा. 1824 साली बर्लिनमध्ये हाइनरिख बेनेविट्झ या डॉक्टरने एका बाईची हकिकत लिहून ठेवली. तिची ती पाचवी खेप होती. तहान काही केल्या भागत नव्हती, लघवीत साखर उतरत होती. बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपणातच गेलं. त्यानंतर आईची साखर आपोआप ओसरली. गरोदरपणापुरता येऊन जाणारा हा आजार मोजायचा कसा, याचं उत्तर मात्र 1964 पर्यंत मिळालं नाही. त्या वर्षी बॉस्टनच्या ओ'सुलिव्हन आणि महान यांनी ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीचे आकडे ठरवले. आजाराचं कारण वारेत (प्लॅसेंटात) असतं. वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळाला साखर पुरते. ती तूट भरून काढायला स्वादुपिंड कमी पडलं की आईची साखर चढते, बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यात.

दुसरा इतिहास मुडदुसाचा. 1919 साली एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस आणून दाखवला आणि कॉड माशाच्या तेलाने तो बराही केला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुलांची वाकडी हाडं सुधारलेली दाखवली. एका हातावर प्रकाश टाकला तरी दुसरा हातही बरा व्हायचा, म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन अंगभर फिरत होतं. 1922 मध्ये मॅकॉलम यांनी तेलातल्या त्या घटकाला ‘डी’ हे नाव दिलं. पुढची जवळपास साठ वर्षं हे जीवनसत्त्व हाडांचंच मानलं गेलं.

दोन्ही वाटा जुळल्या 1980 मध्ये. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की ‘डी’ची कमतरता असलेल्या उंदरांचं स्वादुपिंड पुरेसं इन्सुलिन सोडत नाही. 2008 मध्ये सिएटलच्या गरोदर बायांच्या अभ्यासात, ‘डी’ कमी असलेल्यांत गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका अडीच पटीहून जास्त निघाला. धास्ती सुरू झाली ती इथून.

आपल्याकडचं चित्र मात्र वेगळं निघालं. लखनौच्या 2005 मधल्या अभ्यासात 207 गरोदर बायांपैकी 84 टक्के बायांत ‘डी’ कमी होतं, तेही भर उन्हाच्या मुलखात. मग 2009 मध्ये म्हैसूरचा अभ्यास आला. तिथल्या 559 बायांपैकी जवळपास दोन तृतीयांश बायांत ‘डी’ कमी होतं, पण मधुमेहाशी त्याचा संबंध दिसला नाही. मला म्हैसूरचा हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. जी कमतरता बहुतेक सगळ्यांमध्येच आहे, तिच्यावरून कोणाला शुगर होणार हे कसं ओळखणार? शिवाय ‘डी’ चरबीत साठून राहतं, त्यामुळे स्थूल बाईच्या रक्तात ते कमी दिसतं आणि मधुमेहाचा धोकाही तिलाच जास्त. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही.

गोळी देऊन फरक पडतो का, हेही तपासलं गेलं. 2014 मध्ये सिडनीत रोज 5000 युनिट आणि 400 युनिट घेणाऱ्या बायांच्या साखरेत फरक आढळला नाही. सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2019 मध्ये ‘धोका बहुधा कमी होतो’ असं म्हटलं होतं. 2024 मध्ये त्याच आढाव्यातले 20 अभ्यास विश्वासार्हतेच्या कसोटीवर बाजूला पडले आणि उरलेल्यांवरून खात्रीने काही सांगता येत नाही असं ठरलं. जागतिक आरोग्य संघटनाही सरसकट सगळ्या गरोदर बायांना ‘डी’ द्या असं सांगत नाही. तरी हाडांसाठी त्याची गरज आहेच. सरकारी कॅल्शियमच्या गोळीत 250 युनिट ‘डी’ असतं, आणि चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन गोळ्या घ्यायच्या असतात. त्या घरात डब्यात पडून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कोवळ्या उन्हाचं. ‘डी’ बनवणारे किरण सूर्य वर आल्याशिवाय जमिनीपर्यंत पुरेसे पोचत नाहीत. तिरुपतीच्या मोजणीत सकाळी 11 ते दुपारी 2 हीच वेळ सर्वांत कामाची ठरली. पण वैशाखात बीड-जालन्याच्या दुपारी गरोदर बाईला उन्हात बसा म्हणणं धोक्याचं आहे. जे काही जमेल ते थंडीतच. सावळ्या कातडीला ऊन जास्त वेळ लागतं. ऊसतोडीला गेलेली बाई तर दिवसभर उन्हात असते, पण पाचटाने अंग कापू नये म्हणून लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्या-तोंडाला रुमाल बांधून. अंगाला ऊन लागतं कुठे?

शुगरसाठी खरी हाताशी असलेली गोष्ट म्हणजे ग्लुकोजच्या पाण्याची तपासणी. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी ती लावून धरली आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ती आहे. उपाशी पोटाची अट नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. पहिली तपासणी नाव नोंदवताना, दुसरी 24 ते 28 आठवड्यांत. आषाढ-श्रावणात दिवस गेलेल्या बाईचे हे आठवडे पौष-माघात येतात. तेव्हा बीड, परभणी, जालन्याच्या कितीतरी बाया पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर असतात, आणि गावची आशाताई इकडे गावात.