पडद्यावरच्या ‘नो सिग्नल’ची पूर्वपीठिका

गणपतीला चाकरमानी मुंबईहून नवा लॅपटॉप घेऊन येतो. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलांना काहीतरी दाखवायचं ठरतं, आणि भिंतीवर दोनच शब्द उमटतात: नो सिग्नल. मागून कोणीतरी म्हणतं, “चित्र येणा नाय.” मग वायर काढा, घाला, हलवा. मालवण तालुक्यात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कोणालाच दोष द्यावासा वाटत नाही. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर या दोन यंत्रांच्या जन्मात बरीच वर्षं गेलेली असतात, भांडणाचं मूळ तिथे आहे.

प्रोजेक्टरमागचं पंधरा पिनांचं निळं तोंड म्हणजे व्हीजीए. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ संगणकांबरोबर ते आणलं. तेव्हा त्यातून ६४० बाय ४८० ठिपक्यांचं, १६ रंगांचं चित्र जायचं. रीत साधी: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाला वेगळी तार, व्होल्टेज वाढलं की रंग उजळ, कमी झालं की काळपट. समोर कोण बसलंय याची विचारपूस नाही. त्यामुळे बिघाडसुद्धा डोळ्यांना दिसायचा. लाल रंगाची पिन वाकली की सगळ्यांचे चेहरे हिरवट-निळे. आमच्या खाऱ्या हवेत या वायरीचे स्क्रू असे गंजतात की पक्कड लावल्याशिवाय सुटत नाहीत, पण वायर अर्धवट बसली तरी काहीतरी चित्र येतंच.

विचारपूस सुरू झाली १९९४ मध्ये. व्हेसा या संस्थेने मॉनिटरला स्वतःची ओळख सांगायची सोय करून दिली: मी अमुक कंपनीचा, मला एवढे ठिपके झेपतात. ही माहिती जेमतेम १२८ बाइटची, पण ती पोचली नाही की कॉम्प्युटर अंदाजाने लहान, ओबडधोबड चित्र पाठवतो. तेव्हाचे बरेच कॉम्प्युटर ही चौकशी सुरू होतानाच करत. ‘आधी प्रोजेक्टर लावा, मग कॉम्प्युटर’ हा जुन्या गुरुजींचा नियम त्यातलाच. त्याला अंधश्रद्धा म्हणून हसू नये. आजही तो कधीकधी लागू पडतो.

१९९९ चं डीव्हीआय हे चित्रजोडणीचं तोंड आमच्याकडे फारसं दिसलंच नाही. डिसेंबर २००२ मध्ये सोनी, हिताची, फिलिप्स, तोशिबा वगैरे कंपन्यांनी एचडीएमआय आणलं, तेही मुळात टीव्हीसाठी. चित्र आणि आवाज एकाच वायरीत, १९ पिना, आणि स्क्रू नाही. चित्र आकड्यांत जात असल्यामुळे फिकं-गडद हा प्रकार संपला. चित्र येतं तर छान, नाहीतर ठिपके चमकतात किंवा सरळ काळोख. पावसाळ्यात पिनांवर जरासा हिरवा कीट चढला तरी तेवढं पुरतं. शिवाय इंटेलचं एचडीसीपी हे कुलूप आलं. समोरचा पडदा कुलूपाची किल्ली दाखवू शकला नाही, तर डेस्कटॉप दिसतो आणि सिनेमा लावताच पडदा काळा होतो. हा बिघाड नव्हे, कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम घातलेली अडवणूक आहे. प्रेक्षकांना हे समजावून सांगणं मात्र फार अवघड.

डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या लॅपटॉप कंपन्यांनी २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करणार असं जाहीर केलं. लॅपटॉपवरून ते हळूहळू गेलंही. शाळांचे प्रोजेक्टर थोडेच बदलले! मग आले कन्व्हर्टर. एचडीएमआयमधून व्हीजीए काढणाऱ्या डबीत एक चिप असते, ती एचडीएमआयच्या पाच व्होल्टवर चालते आणि एकाच दिशेने काम करते. कुडाळच्या बाजारातून नेमकी उलट दिशेची डबी आणलेले लोक मला दरवर्षी भेटतात.

विंडोज ७ मध्ये, म्हणजे २००९ साली, एक खरी सोय झाली: विंडोजचं बटण दाबून पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा, म्हणजे लॅपटॉपवरचंच चित्र प्रोजेक्टरलाही जातं. निम्मे ‘बिघाड’ तिथेच मिटतात.

आणि २०१४ चं यूएसबी टाइप-सी. भोक सगळीकडे सारखं, पण त्यातून चित्र पाठवायची सोय द्यायची की नाही हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. चार्जिंगच्या वायरीतूनही बहुधा चित्र जात नाही. म्हणून आता चतुर्थीच्या आठवडाभर आधी मी फोनवरच विचारून घेतो: लॅपटॉपच्या भोकाशेजारी ‘डीपी’चं, म्हणजे चित्र पाठवणाऱ्या डिस्प्लेपोर्टचं, चिन्ह आहे का? बऱ्याच कंपन्या ते छापत नाहीत, तेव्हा मॉडेलचा नंबरही मागतो. तरी जुनी व्हीजीए वायर आणि पक्कड पिशवीत ठेवतोच.